डॉजचं इंजिन, तारापूरची भट्टी आणि ‘मूळ स्वरूप’

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

भाचा सुट्टीत दांडीला आला की मोबाइलवर एकच प्रकार बघत बसतो. अमेरिकेतला कुणीतरी माणूस घरामागच्या शेडमध्ये गंजून कुजलेली मस्टँग नाहीतर चार्जर आणतो. गाडी पूर्ण उघडतो, सडका पत्रा कापतो, नवा जोडतो, इंजिन खाली उतरवतो आणि चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत ती गाडी गुरगुरत रस्त्यावर येते. परवा त्याने विचारलं, “मामा, आपल्याकडे असं कुणी का करत नाही?”

मी काही बोललो नाही. त्याला मागच्या वाडीत नेलं आणि ताडपत्री वर केली.

खाली 1954 सालची डॉज किंग्जवे. चाकं काढलेली, चार लाकडी ठोकळ्यांवर उभी. बॉनेट भिंतीला टेकवलेलं, पुढचे दोन्ही दरवाजे पडवीत. गेली दोन वर्षं माझा आणि चुलतभावाचा प्रत्येक रविवार तिच्यात जातो, आणि घरच्यांचं त्यावरचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. भाचा म्हणाला, “ही काय मसल कार आहे का?” नाही. पण ही कोण आहे, इथे कशी आली आणि आज सरकारदरबारी हिची अवस्था काय, हे सांगायचं तर थोडा इतिहास उकरावा लागेल. तो इतिहास आपल्याही भागाचा आहे, म्हणून इथे लिहितोय.

आधी मसल कार म्हणजे काय ते. कल्पना अगदी साधी होती: मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं. सुरुवात साधारणपणे 1964च्या पॉन्टियाक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता की मध्यम गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियाकच्या जॉन डीलोरियन आणि मंडळींनी त्यातून पळवाट काढली. वेगळी गाडी न काढता टेम्पेस्ट गाडीवर ‘जादा पर्याय’ म्हणून 389 घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ 6.4 लिटरचं इंजिन द्यायला सुरुवात केली. ताकद 325 हॉर्सपॉवर. त्याच वर्षी 17 एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग दाखवली. तिकडच्या तरुणांना वेड लागलं.

आपल्याकडे त्याच वर्षी काय? मुंबईत फियाट 1100. इंजिन 1089 सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणजे एका जीटीओच्या इंजिनात जवळजवळ सहा फियाट मावल्या असत्या. आणि ती फियाटसुद्धा पैसे भरून, नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळायची.

पण त्याच 1964मध्ये आपल्या दारातही एक अमेरिकन इंजिन येत होतं. मे 1964मध्ये भारत सरकारने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करार केला. बांधकामाला बेक्टेल कंपनी, पैसा अमेरिकन सरकारच्या मदतसंस्थेचा, सुमारे 8 कोटी डॉलर्सचं कर्ज. अमेरिकन इंजिनिअर येऊन इथे राहिले. आमच्या बाबांसारखी उच्छेळी, दांडी, नवापूर, घिवलीची पोरं तिथे मजूर, हेल्पर, फिटर म्हणून लागली. बाबा सांगायचे, पाना हातात धरायला आणि इंचाचा सोळावा भाग ओळखायला ते तिथे शिकले. ऑक्टोबर 1969मध्ये दोन्ही युनिटं रीतसर वीज देऊ लागली, प्रत्येकी 210 मेगावॅट. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. अमेरिकेत मसल कारचा बहर 1964 ते 1973. तोच काळ तारापूर उभं राहण्याचा आणि जोमात चालण्याचा. हा निव्वळ योगायोग आहे, पण पुढे दोन्हींचं जे झालं त्यात योगायोगापेक्षा जास्त काहीतरी आहे. त्यावर येतो.

आता डॉज. ही गाडी अमेरिकेतून बोटीत बसून आलेली नाही. ही कुर्ल्याची.

मुंबईत अमेरिकन गाड्या जोडण्याचं काम जुनं आहे. जनरल मोटर्सने 1928मध्येच शिवडीला कारखाना टाकून शेव्हरोले जोडायला सुरुवात केली होती. फोर्डही आली. पण ही सगळी जोडणी होती: पेट्यांतून सुटे भाग यायचे, इथले कामगार बोल्ट आवळायचे, नफा तिकडे. स्वतःची मोटार बनवण्याचं स्वप्न ज्यांनी हट्टाने धरलं ते सोलापूरचे वालचंद हिराचंद. सर विश्वेश्वरय्यांनी मोटार कारखान्याची योजना मांडली होती, वालचंद तिच्या मागे लागले. 1939मध्ये मुंबई प्रांतातलं काँग्रेस सरकार मदतीला तयार होतं. दिल्लीच्या इंग्रज सरकारने मोडता घातला. वालचंद अमेरिकेला गेले, फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. त्याच प्रवासात त्यांना विल्यम पॉली नावाचा विमानाच्या धंद्यातला माणूस भेटला आणि त्या ओळखीतून 1940मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. माणूस मोटार शोधायला गेला आणि विमानाचा कारखाना घेऊन आला! मोटारीला मात्र महायुद्ध संपायची वाट बघावी लागली. 1944मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि 1947मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लरच्या गाड्या, आणि डॉज व फार्गो हे ट्रक.

1953मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांचा इथे सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी नुसती जोडणी बंद करावी. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. वालचंद त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले. म्हणजे आमची डॉज निघाली तेव्हा तिचा बाप हयात नव्हता.

या निर्णयाला आज नावं ठेवायची फॅशन आहे. दारं बंद केली म्हणून आपण मागे पडलो, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. दारं बंद झाली म्हणूनच कुर्ला, पिंपरी, बोईसरपर्यंत लेथ पसरले, टर्नर-फिटर तयार झाले. पण दारं बंद केल्यावर आत जे बनत होतं ते वर्षानुवर्षं तसंच बनत राहिलं, हेही खरं. पद्मिनीचा मूळ साचा इटलीत जुना झाला तरी कुर्ल्यात 2000 सालापर्यंत चालला. मोठ्या अमेरिकन गाड्यांची इथली जोडणी पुढे थांबली आणि बाहेरून आणायची तर आयातबंदी. वकिलातींच्या आणि परदेशी साहेबांच्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, त्यातून एखादी इंपाला सिनेमावाल्यांच्या हाती लागायची. जीटीओ, चार्जर ही नावं तर आपल्याला इंटरनेट आल्यावरच कळली. भाच्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे: मसल कार कुणी घरी दुरुस्त करत नाही, कारण ती इथे आलीच नाही.

पण जे अमेरिकन इथे होतं, त्याचं काय झालं? त्याचं लोकांनी काय केलं ते बघा.

साधारण पन्नास-साठ सालच्या मुंबईत डॉज, प्लिमथ, शेव्हरोले या टॅक्सी होत्या. मोठी गाडी, मागे ऐसपैस सोफा, स्टिअरिंगला गिअर. पण साडेतीन लिटरच्या वरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ते पेट्रोल पाण्यासारखं प्यायचं. ऑक्टोबर 1973मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि जगभर भाव भडकले. अमेरिकेत मसल कारचा बाजार तिथेच उठला. खरं म्हणजे त्याआधीच विम्याचे हप्ते आणि 1970चा हवा प्रदूषणाचा कायदा यांनी तिचा गळा आवळत आणला होता, तेलाने शेवटचा घाव घातला. तिकडे लोकांनी त्या गाड्या कवडीमोलाने फुंकल्या, शेडमध्ये ढकलल्या, शेतात सोडल्या. आज व्हिडिओत ज्या निघतात त्या याच.

इकडे टॅक्सीवाल्याला गाडी शेडमध्ये ढकलणं परवडणारं नव्हतं. शेड कुठून आणणार? आणि गाडी हेच पोट. डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त. प्रीमियरच्याच डॉज-फार्गो ट्रकमध्ये मद्रासच्या सिम्पसन कंपनीचं पर्किन्स डिझेल इंजिन यायचं. तेव्हा मिस्त्रींनी काय केलं? अमेरिकन पेट्रोल इंजिन काढलं आणि पर्किन्स बसवलं. इंजिनाचे पाय नव्याने वेल्ड केले, बेल हाउसिंगला अ‍ॅडाप्टर प्लेट घातली, जड इंजिनाने गाडीचं नाक खाली बसू लागलं तर पुढच्या स्प्रिंगा भारी केल्या. आवाज ट्रकचा, धूर ट्रकचा, पण गाडी चालू राहिली. पुढे मॅटाडोरचं डिझेल इंजिन आलं, मग तेही बसवलं. हे काम कुठल्या पुस्तकात नव्हतं. कुर्ला, भायखळा, मोहम्मद अली रोडच्या गॅरेजांत ते डोळ्यांनी आणि हातांनी झालं.

आमची डॉज अशीच. बाबांनी 1981मध्ये मुंबईच्या एका टॅक्सीवाल्याकडून ती पर्किन्ससकट घेतली आणि खासगीत नोंदवून घेतली. आरसी बुकात इंधनासमोर ‘डिझेल’ असं हाताने लिहून शिक्का मारलेला आहे. पुढची पंधरा वर्षं तिने काय नाही वाहिलं! डिकीत बर्फ आणि पापलेटच्या पाट्या घालून बोईसर स्टेशन, लग्नात नवरदेव, रात्री अडलेली बाळंतीण, गणपतीत माटवीचं सामान. इंजिन बिघडलं तर बंदरावरचा बोटीचा मिस्त्री येऊन बघायचा, कारण डिझेल म्हणजे डिझेल, ते होडीत असो की डॉजमध्ये. 1996च्या पावसाळ्यात गिअरबॉक्स गेला आणि ती वाडीत उभी राहिली ती राहिलीच.

आता तारापूरकडे परत येऊ, कारण तिथे हेच झालं, फक्त फार मोठ्या मापात.

मे 1974मध्ये पोखरणला पहिली अणुचाचणी झाली. अमेरिका बिथरली. तारापूरच्या दोन्ही भट्ट्यांना समृद्ध युरेनियम अमेरिकेनेच पुरवायचं असा करार होता. तो पुरवठा आधी अडखळला, मग 1978च्या त्यांच्या नव्या कायद्यानंतर बंद पडायच्या वाटेवर गेला. सुटे भागही मिळेनात. 1982मध्ये फ्रान्सशी करार होऊन इंधनाची सोय झाली, पुढे चीन आणि रशियाकडूनही आलं. पण मशीन अमेरिकन, बनवणाऱ्याने हात वर केलेले आणि चालवायचं आपण. स्टीम जनरेटरच्या नळ्या गळू लागल्या तेव्हा आपल्या लोकांनी ते भाग बाजूला काढले आणि युनिटं 210वरून 160 मेगावॅटवर आणून चालवली. ताकद कमी केली, पण बंद पडू दिलं नाही. डॉजमध्ये पर्किन्स घालणारा मिस्त्री आणि तारापूरचा मेंटेनन्सचा माणूस यांची डिग्री वेगळी असेल, अडचण तीच होती: कंपनी पार्ट देत नाही आणि गाडी तर चालवायचीच आहे.

ही दोन्ही युनिटं 2020मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवली गेली. भट्टीत पाणी फिरवणारे जुने पाइप काढून नव्या धातूचे बसवण्याचं काम निघालं. अर्धशतकापूर्वीचं अमेरिकन यंत्र उघडून, तपासून, भाग बदलून पुन्हा चालू करायचं. भाच्याला मी म्हटलं, तू मोबाइलवर मस्टँगचं रिस्टोरेशन बघतोस, त्याच्या कितीतरी पट मोठं रिस्टोरेशन इथून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर हाती घेतलं गेलं. (त्या केंद्रासाठी आणि नंतरच्या 3-4 नंबर युनिटांसाठी अक्करपट्टी, पोफरणच्या लोकांना घरंदारं सोडावी लागली, हा हिशेब वेगळा आहे आणि अजून पुरता झालेला नाही. त्यावर पूर्वी लिहिलंय, पुन्हा लिहीन.)

तर आता आमच्या वाडीत काय चाललंय ते थोडक्यात. म्हणजे थोडक्यात जमेल असं वाटत नाही.

पहिला शत्रू खारी हवा. दांडीत लोखंड ठेवणं म्हणजे मिठाच्या बरणीत ठेवणं. वरून पत्रा ठीक दिसत होता. पायाखालचं जाजम काढलं तर खालची जमीन दिसली. दरवाज्यांची खालची कड हाताने मोडली. जुन्या डेंटरने भोकांवर पुट्टी भरून रंग मारला होता, आणि पुट्टीच्या मागे पाणी साचून आतून आणखी सडलेलं. पुट्टी हा गंज झाकायचा उपाय आहे, थांबवायचा नाही, हे आम्ही पैसे घालवून शिकलो. शेवटी सगळा सडका पत्रा चांगला भाग लागेपर्यंत कापला आणि अठरा गेजचा नवा पत्रा वाकवून, थोड्या थोड्या अंतरावर टाके देत वेल्ड केला. एका दमात वेल्डिंग ओढलं की पत्रा तापून पापडासारखा फुगतो.

दुसरी गंमत नट-बोल्टांची. आपल्या घरात मिलिमीटरचे पाने. जुन्या इंग्लिश यंत्रांचे पाने वेगळे. आणि ही अमेरिकन, म्हणजे इंचाचे पाने: अर्धा, नऊ सोळांश, पाच अष्टमांश. जवळचा पाना लावून बघायला गेलं की नटाची धार जाते. बाबांची पेटी उघडली तर तारापूरच्या दिवसांतला पूर्ण सेट जुन्या ग्रीसमध्ये गुंडाळून ठेवलेला. त्या दिवशी आम्ही काम केलं नाही, नुसते पाने पुसत बसलो.

तिसरी गोष्ट पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात. म्हणजे सोडवायला उजवीकडे फिरवायचे. हे माहीत नसलेल्या एका पोराने पाइप लावून सगळा जोर घातला आणि दोन बोल्ट तोडले. दोष त्याचा नाही, आम्हीच सांगायला विसरलो. हँडब्रेकसुद्धा चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर एक वेगळा ड्रम आहे, त्यावर लागतो. विजेची गोष्ट तर वेगळीच. गाडी मुळात 6 व्होल्टची आणि बॉडीला जोडलेली बॅटरीची धन बाजू, आपल्या सवयीच्या उलट. डिझेल बसवताना कुणीतरी ते 12 व्होल्ट ऋण करून ठेवलं, काही वायरी जुन्या, काही नव्या. आम्ही सगळं वायरिंग काढून टाकलं.

पार्ट कुठून आणले? कुर्ल्याच्या भंगारात तीन चकरा, चोर बाजारात दोन. मागचा दिवा मिळाला, बॉनेटवरचा बिल्ला मिळाला नाही. पण खरं काम झालं ते बोईसरमध्ये. एमआयडीसीतल्या लेथवाल्यांनी किंगपिनचे बुश गनमेटलमध्ये कातून दिले. ब्रेकचे व्हील सिलिंडर आतून खड्डे पडलेले, त्यांना बोअर करून स्टेनलेसची स्लीव्ह घातली. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन दोन सिलिंडर, म्हणजे एकूण सहा. केमिकल कारखान्याच्या पंपाचा शाफ्ट ज्या मशीनवर सकाळी लागतो त्याच मशीनवर दुपारी डॉजचा बुश लागला. अमेरिकेतल्या माणसाला कॅटलॉगमधून नवा कोरा पार्ट घरपोच मिळतो, तिथे जुन्या मस्टँगचं अख्खं सांगाडं नवं बनवून विकणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्याकडे कॅटलॉग नाही, लेथवाला आहे. मला विचाराल तर मी लेथवाला घेईन. पण ते पन्नाशीच्या पुढचे आहेत आणि त्यांची मुलं कॉम्प्युटरवर चालणारी मशीन शिकताहेत, जी एक बुश कातायला कुणी चालू करत नाही.

इथपर्यंत सगळं मजेचं होतं. आता त्रासाचं.

जुलै 2021मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, नंतर पुन्हा नोंदणीला 5 हजार, मुदत दहा वर्षं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिका. रोज वापरायची नाही, धंद्याला लावायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. हे सगळं मला मान्य आहे. स्क्रॅपच्या धोरणाच्या धांदलीत जुन्या गाड्यांना कुणीतरी वेगळं काढलं हे चांगलंच झालं.

पण त्यात एक अट आहे. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यात मोठा फेरबदल झालेला नको.

आता विचार करा. महाराष्ट्रात मूळ स्वरूपातल्या अमेरिकन गाड्या कुणाकडे राहिल्या? संस्थानिकांकडे, गिरणीमालकांकडे, उद्योगपतींकडे. ज्यांना गाडी न वापरता गॅरेजमध्ये ठेवणं परवडलं त्यांच्याकडे. मुंबईत विंटेज कारची रॅली निघते तेव्हा आपण त्या बघायला जातो, टाळ्या वाजवतो, मीही वाजवतो. पण ज्या गाड्यांनी शहर वाहिलं, टॅक्सी म्हणून राबल्या आणि तेलाच्या भाववाढीतून डिझेल पोटात घालून जगल्या, त्या नियमाप्रमाणे विंटेज नाहीत. ज्या इंजिनाने गाडी वाचवली तेच इंजिन आज तिला अपात्र ठरवतं. पर्किन्स नसतं तर ही डॉज 1975च्या सुमारास कुर्ल्याच्या भंगारात तुटली असती. आणि पर्किन्स बसवलेलंही ऐंशीच्या आधीचं, म्हणजे तो बदलच आता जवळजवळ अर्धशतकाचा झाला. मग तो फेरबदल की इतिहास?

दांडीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे होडीची फळी दरवर्षी बदलते. पाच-दहा वर्षांत इंजिन बदलतं. पूर्वी शिडावर चालणाऱ्या होड्यांत लोकांनी इंजिनं घातली. म्हणून कुणी म्हणतं का, ही आजोबांची होडी नाही? तिचं नाव तेच, नारळी पौर्णिमेला नारळ तिलाच.

पद्मिनी टॅक्सीचंही आपण असंच केलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003ला ताडदेव आरटीओत टॅक्सी म्हणून नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत केवढे गहिवर! पण हजारो पद्मिन्या त्याआधीच तुटल्या होत्या आणि जतन करण्यासारखं काही आहे हे लोकांना शेवटच्या गाडीला आठवलं. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्या बनल्या, त्या जागेवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत.

मी परिवहन खात्याच्या माणसांना दोष देत नाही. फायलीत चौकट असते आणि चौकटीत ‘डिझेल’ बसत नाही. पण नियम करताना एक ओळ जास्त लिहिता आली असती: अमुक सालाआधी झालेला आणि आरसी बुकात नोंदलेला इंजिनबदल हा गाडीच्या इतिहासाचा भाग धरावा. आपले खासदार, आमदार ही पोस्ट वाचत असतील असं नाही, पण त्यांचे कार्यकर्ते नक्की वाचतात. निवेदनाचा मसुदा मी तयार केलाय. पालघर, डहाणू, वसईत डिझेल बसवलेल्या जुन्या जीप आणि अ‍ॅम्बेसेडर अजून घराघरांत आहेत, त्या पन्नाशीला येताहेत, हा प्रश्न एकट्या डॉजचा राहणार नाही.

तोपर्यंत आमच्यापुढे दोन वाटा. एक, पर्किन्स ठेवायचं आणि विंटेजचा नाद सोडायचा. चुलतभावाचं मत तेच. तो म्हणतो, बाबांनी ज्या आवाजाची गाडी चालवली तोच आवाज हवा. दुसरी वाट, मूळ जातीचं पेट्रोल इंजिन शोधून बसवायचं, नोंद बदलून घ्यायची आणि मग अर्ज करायचा. त्यातही आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते जुन्या पेट्रोलपंपाच्या पडद्याला आणि रबरी नळ्यांना खातं, म्हणजे तेही सगळं नव्या जातीच्या रबरात बदलावं लागेल. मूळ स्वरूपासाठी पुन्हा नवे पार्ट! आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. सध्या एवढंच ठरलंय की पर्किन्स काढलं तरी विकायचं नाही, शेजारी स्टँडवर उभं करायचं, आणि महिन्यातून एकदा चालू करायचं.

पण निवडायला आधी दुसरं इंजिन तरी हातात हवं. म्हणून हे शेवटचं, आणि खरं तर ही पोस्ट लिहिण्याचं कारण.

सफाळ्यापासून डहाणूपर्यंत कुणाच्या वाडीत, राईस मिलमागे, जुन्या बर्फाच्या कारखान्यात किंवा पाण्याच्या पंपाला लावलेलं असं इंजिन असेल तर बघा: सहा सिलिंडर एका रांगेत, वरचं हेड परातीसारखं सपाट, स्पार्क प्लग वरून उभे घातलेले, व्हॉल्व्ह दिसत नाहीत कारण ते बाजूला ब्लॉकमध्ये आहेत. ब्लॉकच्या डाव्या अंगाला पुढच्या टोकाशी, जनरेटरच्या वर, एक छोटी घासलेली पट्टी असते. तिच्यावर नंबर कोरलेला असतो, सुरुवातीला इंग्रजी ‘पी’, ‘डी’ किंवा ट्रकचं असेल तर ‘टी’. जाम असलं तरी चालेल, पाणी जाऊन गंजलं असलं तरी चालेल, ब्लॉक तडकलेला नको. वायर ब्रशने ती पट्टी घासा, मोबाइलवर फोटो काढा आणि मला मेसेज करा. भंगारवाल्याला देऊ नका. तो किलोने जो भाव देईल त्यापेक्षा जास्त देऊ, आणि टेम्पो घेऊन आम्हीच येऊ.